तीन नंबर खिडकीचे अकरा सेकंद

हॉस्पिटलात तिला तोंडावर सगळे मॅडम म्हणायचे आणि पाठ फिरली की सेकंदकाकू. तिला हे ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. वय त्रेपन्न, केस आखूड, चपला कायम सपाट, आणि चालणं असं की जिन्यात समोरून येणारा माणूस आपोआप भिंतीला चिकटायचा. लिफ्ट ती वापरायची नाही. तळमजल्यावरच्या हॉलपासून पहिल्या मजल्यावरच्या कॉम्प्युटरच्या खोलीपर्यंत जिन्याने अठ्ठावीस सेकंद लागतात आणि लिफ्टने, वाट बघण्यासकट, एक मिनिट दहा. हे तिने मोजलेलं होतं.

घरीही तीच तऱ्हा. नवरा आंघोळीला किती वेळ लावतो, दूध कितव्या मिनिटाला वर येतं, जाऊबाईंचा फोन 'बरं, ठेवते हं' म्हटल्यापासून खरोखर ठेवला जाईपर्यंत किती चालतो (सरासरी चौदा मिनिटं), सगळं हिला तोंडपाठ. नवरा बिचारा कधीकधी हात जोडायचा. "अगं बाई, निदान मी मरताना तरी घड्याळ लावू नकोस." त्यावर ती म्हणायची, "तुमचं एक तरी काम वेळेवर झालंय का आजवर? लावून करू काय?"

ही खोड बापाकडून आलेली. बाप शाळेत खेळाचा मास्तर. शर्यतींच्या दिवशी पोरीच्या गळ्यात स्टॉपवॉच अडकवायचा आणि अंतिम रेषेवर उभी करायचा. अकरा वर्षांची असताना तिने तिथे एक पराक्रम केला. चारशे मीटरची सुरुवात पाण्याच्या टाकीमागून व्हायची, ती तिला दिसत नव्हती. कुणाला विचारायचं सोडून हिने काय केलं, तर धावणाऱ्या मुली टाकीआडून बाहेर आल्या तेव्हा घड्याळ सुरू केलं! झालं. पहिल्या आलेल्या मुलीने शाळेचा विक्रम चार सेकंदांनी मोडला. टाळ्या, आरडाओरडा, हेडमास्तर खुर्चीवरून उठून उभे. बापाने घड्याळाकडे पाहिलं, मग पोरीकडे पाहिलं.

"सुरू कधी केलंस?"

"दिसल्या तेव्हा."

बापाने तिला मारलं नाही, की तो ओरडला नाही. हाताला धरून सरळ लाउडस्पीकरच्या माईकपाशी नेलं आणि म्हणाला, "आता तूच सांग." हुंदके देत, नाक पुसत तिने सांगितलं, विक्रम खोटा आहे, घड्याळ मी उशिरा सुरू केलं. ती धावणारी मुलगी पुढे दोन वर्षं हिच्याशी बोलली नाही. घरी येताना बाप एवढंच म्हणाला, "शर्यत रेषेपासून मोजायची, पोरी. आपल्याला दिसते तिथपासून नाही." या गोष्टीला बेचाळीस वर्षं झाली होती आणि ती सांगताना काकू अजून हसायची. त्यातलं सगळं आपण शिकून मोकळे झालो, अशी तिची पक्की समजूत होती.

आता तिच्या कामाचं. हॉस्पिटलचं सगळं सॉफ्टवेअर तिच्या हातचं, अकरा वर्षांपासून. खाली नोंदणीच्या पाच खिडक्या. तिथे कर्मचाऱ्याने बटण दाबलं की एक विनंती निघते: अमुक पेशंटचा कागद दाखव, तमुक डॉक्टरची वेळ दे. ती विनंती थेट माहितीच्या कोठारात जात नाही. वाटेत एकामागे एक चौक्या असतात. एक चौकी विचारते, तू कोण? दुसरी विचारते, मागतोयस ते नीट लिहिलंयस का? या चौक्यांना त्या धंद्यात मिडलवेअर म्हणतात. उत्तर परत येतं तेही याच चौक्यांतून, उलट्या क्रमाने. तीन वर्षांपूर्वी काकूने त्यात आपली एक चौकी घातली, घड्याळाची. विनंती आत शिरली की वेळ टिपायची, उत्तर बाहेर पडलं की पुन्हा टिपायची, वजाबाकी करायची आणि एक ओळ लिहून ठेवायची: कुठली खिडकी, काय मागितलं, किती वेळ लागला. अवघ्या नऊ ओळींचं काम, पण काकूचा त्याच्यावर भारी जीव. रोज सकाळी चहाचा कप घेऊन ती आदल्या दिवशीचे आकडे वाचायची, लोक पेपर वाचतात तशी. आकडे कायम झकास. सेकंदाचा तिसरा हिस्सा. कुठलीही खिडकी घ्या.

आणि तरी तीन नंबरच्या खिडकीपुढे रांग तुंबायची.

तीन नंबरवर एक बाई बसायच्या. वय सत्तावन्न, जाड भिंगांचा चष्मा, खांद्यावर कायम एक करडी शाल. सगळं हॉस्पिटल त्यांना बाई म्हणायचं. एकोणीस वर्षांची नोकरी आणि त्यात अख्खं हॉस्पिटल पालथं घातलेलं: एक्स-रे, रक्तपेढी, बाळंतपणाचा वॉर्ड, रुग्णवाहिका, औषधांचं भांडार. कुठे कुणी रजेवर गेलं, की पाठवा बाईंना. बाईही कधी नाही म्हणाल्या नाहीत. बाकीच्या खिडक्यांवर एका पेशंटला दीड मिनिट लागायचं आणि बाईंकडे तीन. नव्या व्यवस्थापकसाहेबांनी एक दिवस हॉलमध्ये उभं राहून स्वतः पाहिलं. बाई बटण दाबतात आणि पेशंटशी गप्पा मारत बसतात. गुडघा कसाय? मुलगी आली का परत? साहेबांचं डोकं तडकलं. त्यांनी काकूला बोलावून विचारलं, "मॅडम, तुमची यंत्रणा हळू आहे का?"

काकूने छापील कागदच पुढे केला. "साहेब, पाचही खिडक्या सारख्या. सेकंदाच्या आत उत्तर. मशीनमध्ये काही नाही."

"म्हणजे माणसात आहे," साहेब म्हणाले.

काकू कागद तिथेच ठेवून आपल्या खोलीत परतली. आपलं काम मोजायचं, पुढचं त्यांनी बघावं, असा तिचा हिशोब. आठवड्याने हुकूम तयार झाला: एक तारखेपासून बाईंची बदली तळघरात, जुन्या फायलींच्या खोलीत. शुक्रवारी अकराच्या बैठकीत सही होणार.

बुधवारी दुपारी बाई जिना चढून कॉम्प्युटरच्या खोलीत आल्या. दम लागला होता. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत. हातात काकूच्याच अहवालाची प्रत.

"हे तुम्ही लिहिलंय?"

"मी नाही लिहिलं, बाई. मशीनने मोजलंय. मी फक्त छापलं."

"मग मशीनला सांगा, खाली येऊन बस माझ्या शेजारी!" बाईंचा आवाज चढला. "दोन वर्षं झाली. मी बटण दाबते आणि बसते तोंड बघत. समोरचा माणूस कळवळलेला असतो, त्याच्याकडे नुसतं टक लावून बघायचं का? म्हणून विचारते हो, गुडघा कसाय. साहेबांना वाटतं मी बोलते म्हणून उशीर होतो. उशीर होतो म्हणून मी बोलते! दोनदा लेखी दिलं. दोन्ही वेळा वरून उत्तर आलं, यंत्रणा सुरळीत आहे. खाली सही कुणाची, तर तुमची."

काकूला सही आठवली. दोन्ही वेळा तिने आकडे उघडून पाहिले होते, तिसरा हिस्सा दिसला होता, आणि तिने डोळे झाकून कागद पाठवून दिला होता.

"बाई, माझं घड्याळ चुकत नाही," ती म्हणाली.

"मग मी खोटं बोलते? तळघरात माणूस दिसत नाही हो कुणी. मी माणसांची आहे. तीन वर्षं राहिलीत माझी, ती मी उंदरांशी बोलत काढू?" बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाही त्यांना राग आला. शालीच्या टोकाने त्यांनी चष्मा खसाखसा पुसला. "उद्या सकाळी या खाली. हातातलं घड्याळ घेऊन या. स्वतः मोजा."

असं आव्हान कुणी दिलं आणि काकू गप्प बसली, हे शक्यच नव्हतं. तिने घरी जाऊन, आता तिच्याकडेच राहणाऱ्या बापाच्या कपाटातून जुनं स्टॉपवॉच काढलं, किल्ली दिली. टिकटिक झाली. आता या बाईला दाखवतेच, असं म्हणतच ती दुसऱ्या दिवशी आठ वाजता तीन नंबर खिडकीमागे स्टूल टाकून बसली.

पहिला पेशंट, पहिलं बटण. काकूने अंगठा दाबला. पडद्यावर पांढरं चक्र फिरायला लागलं. फिरत राहिलं. फिरत राहिलं. काकूला वाटलं, वायर निसटली. उत्तर आलं तेव्हा काटा अकरावर होता.

"योगायोग असेल," ती पुटपुटली.

"असेल की," बाई म्हणाल्या आणि पुढचं बटण दाबलं. अकरा. त्याच्या पुढचं, अकरा आणि वर थोडं. एका पेशंटमागे आठ बटणं. आठ गुणिले अकरा, अठ्ठ्याऐंशी सेकंद, म्हणजे जवळपास दीड मिनिट. बाईंची तीन मिनिटं आणि इतरांचं दीड मिनिट, मधला फरक काकूच्या डोळ्यांसमोर सुटा होऊन पडला. बाईंची बोटं मात्र कुठेच रेंगाळत नव्हती. उलट चार नंबरवरच्या पोरीपेक्षा त्या चटचट टाइप करत होत्या.

काकूने बाईंना उठवून त्याच मशीनवर स्वतःच्या नावाने प्रवेश केला. उत्तर झटक्यात. मग चार नंबरच्या मशीनवर बाईंच्या नावाने केला. अकरा सेकंद. म्हणजे मशीन नाही, वायर नाही. पाणी मुरतंय ते बाईंच्या नावात. ती जिना चढून वर गेली (छत्तीस सेकंद, पाय जड झाले होते) आणि आकडे उघडले. तिच्या लाडक्या चौकीने आत्ताच्या, ताज्या, तिने हातात घड्याळ धरून मोजलेल्या त्याच विनंत्यांपुढे लिहिलं होतं: सेकंदाचा तिसरा हिस्सा. तिसरा हिस्सा. तिसरा हिस्सा.

दिवसभर तिने डोकं खाजवलं. माहितीचं कोठार तपासलं, उगाच दोनदा. संध्याकाळी जेवायला बसली तरी तिचं ताटात लक्ष नव्हतं. बाप आता पंच्याऐंशीचा, कान गेलेले पण बाकी ठणठणीत. त्याने टेबलावरचं स्टॉपवॉच पाहिलं.

"माझं घड्याळ का काढलंस?"

तिने मोठ्याने, तुकड्या तुकड्याने सगळं सांगितलं. दोन घड्याळं. एक म्हणतं अकरा, एक म्हणतं काहीच नाही. शर्यत तीच. म्हातारा शांतपणे जेवत राहिला. पाणी प्याला. मग म्हणाला, "तुझं ते दुसरं घड्याळ उभं कुठे आहे?"

"आतच आहे बाबा, वाटेवर."

"वाटेवर कुठे? रेषेवर, की टाकीच्या अलीकडे?"

काकूचा घास हातातच राहिला. नवऱ्याने विचारलं, "काय गं, काय झालं?" ती म्हणाली, "काही नाही. मी गाढव आहे."

"हे किती सेकंदांत कळलं?" नवरा म्हणाला. पण तिचा चेहरा पाहून त्याने पुढची थट्टा गिळली आणि तिच्यापुढचा पाण्याचा पेला भरून ठेवला.

शुक्रवारी साडेसातला ती खुर्चीवर होती. चौक्यांची यादी उघडली. पहिली चौकी, ओळख: तू कोण, तुला काय काय पाहायची परवानगी आहे? दुसरी चौकी, घड्याळ. दुसरी! विनंती ओळखीच्या चौकीत कितीही रखडो, घड्याळ सुरू व्हायचं ती सुटून आत आल्यावर. आणि हे तिने स्वतःच्या हाताने, शुद्धीवर असताना केलेलं. तिला ओळीत खिडकीचं नाव हवं होतं, नाव ओळख पटल्याशिवाय कळत नाही, म्हणून घड्याळ ओळखीच्या आत ठेवलं. सोपं पडलं. खरं तर वेळ आधी टिपून नाव परतताना लिहिता आलं असतं. एवढीशी गोष्ट. तिने घड्याळाची ओळ उचलून सगळ्यांत वर ठेवली, यंत्रणा पुन्हा सुरू केली आणि आठला खिडक्या उघडल्यावर पडद्यासमोर बसून राहिली. तीन नंबर: अकरा पूर्णांक तीन. अकरा पूर्णांक चार.

मग ओळखीची चौकी उकलून पाहिली, आणि तिथे काकूला खरी लाज वाटली. एकोणीस वर्षांत बाईंना जिथे जिथे पाठवलं, तिथली परवानगी त्यांच्या नावावर चढत गेली होती. काढली कुणीच नव्हती. इतरांच्या नावावर दोन-तीन विभाग. बाईंच्या नावावर सव्वीस. त्यांतले अकरा मागच्या जुन्या इमारतीतले. ती इमारत दोन वर्षांपूर्वी पाडली, विभाग बंद झाले. पण बाईंनी बटण दाबलं रे दाबलं, की चौकी त्या अकराही विभागांकडे 'परवानगी आहे ना?' अशा चौकशीला जायची, प्रत्येकापाशी एकेक सेकंद उत्तराची वाट बघायची, आणि तिथे कुणीच नाही असं दिसल्यावर पुढे सरकायची. दर बटणाला. दिवसभर. बाई जिथे जिथे कुणाच्या अडीअडचणीला धावून गेल्या होत्या, त्यातलं एकेक ठिकाण आता त्यांना एकेक सेकंद अडवून धरत होतं.

बंद विभाग काढून टाकायला चार मिनिटं लागली. परवानग्या दर बटणाला न तपासता सकाळी एकदाच तपासायची सोय करायला आणखी चाळीस. दहा वाजून दहा मिनिटांनी तीन नंबरचा आकडा सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यावर आला. या खेपेला तो खरा होता.

अकरा वाजता बैठक. लांब टेबल, साहेब मधोमध, समोर हुकुमाचा कागद. बाई टोकाला, शाल घट्ट ओढून, नजर खाली. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं आणि काकू उभी राहिली.

"साहेब, सही करू नका. चूक माझी आहे."

तिने सगळं सांगितलं. अडखळली नाही, पाल्हाळ लावलं नाही. घड्याळ कुठे असायला हवं होतं, कुठे होतं, का होतं. अकरा सेकंद कशाचे. दोन अर्जांना आपण खिडकीवर जाऊन न बघता काय उत्तर दिलं, तेही.

साहेब सावरून म्हणाले, "ठीक आहे, मॅडम. बदली थांबवू. अहवालात लिहून टाका, तांत्रिक सुधारणा केली. उगाच गाजावाजा नको."

"नाही साहेब. जुना अहवाल रद्द म्हणून लिहायचा आणि खाली माझी सही. त्या कागदावर बाईंचं नाव आलं होतं, तर याही कागदावर यायला हवं, की त्यांचा दोष नव्हता."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. मॅडम आता ऐकायच्या नाहीत, हे त्यांच्या लक्षात आलं. हुकूम त्यांनी मधोमध फाडला आणि टोपण पेनाला लावलं. काकूचा जीव भांड्यात पडला. तिने बाईंकडे पाहिलं. आता हसतील, हात धरतील, असं काहीतरी तिला वाटत होतं.

बाई उठल्या. "कागद झाला," त्या म्हणाल्या. "बरं झालं. पण साहेब, खाली रांगेतली माणसं दोन वर्षं मला शिव्या घालताहेत. म्हातारी झाली, जमत नाही तर घरी बसावं हिने. माझ्या तोंडावर म्हणतात. ती काही तुमचा अहवाल वाचायला येणार नाहीत." आणि त्या खिडकीवर निघून गेल्या, कारण रांग वाढत होती.

काकूही त्यांच्यामागून निघाली. जिना उतरली, किती सेकंद लागले ते तिने मोजलं नाही. हॉलच्या कोपऱ्यात नंबर पुकारायचा माईक होता. पुकारणाऱ्या माणसाला तिने बाजूला केलं. बेचाळीस वर्षांनी हातात पुन्हा माईक. पण या वेळी कुणी हाताला धरून आणलं नव्हतं.

"ऐका," ती म्हणाली, आणि सत्तर-ऐंशी माना वळल्या. "मी इथली कॉम्प्युटरची बाई. तीन नंबरच्या खिडकीवर दोन वर्षं जो उशीर होत होता, तो तिथल्या बाईंमुळे होत नव्हता. यंत्रणेमुळे होत होता. त्यांनी तो दोनदा कळवला. मी ऐकलं नाही. माझं घड्याळ चुकीच्या जागी लावलेलं होतं. त्यांना ज्यांनी ज्यांनी बोल लावले, त्यांनी ते मला लावावेत. मी पहिल्या मजल्यावर बसते."

मागून एक दणदणीत आवाज आला, "बरं, कळलं! आता तरी भराभर उरका!" सगळे हसले. काकूही हसली, डोळे पुसत.

तीन नंबरच्या रांगेत सगळ्यांत पुढे एक म्हातारेबुवा काठी टेकून उभे होते. गेल्याच आठवड्यात त्यांनी खिडकीवर काठी आपटली होती. त्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली, घसा खाकरला. "बाई, मीपण बोललो होतो हो तुम्हाला."

"ऐकलं होतं," बाई म्हणाल्या आणि बटण दाबलं. तोंडातून सवयीने निघालंच, "गुडघा कसाय?" पण बुवांनी तोंड उघडायच्या आत पडद्यावर सगळं हजर! बाई दचकल्या. पडद्याकडे पाहिलं, मागे उभ्या असलेल्या काकूकडे पाहिलं. चिठ्ठी छापून बाहेर आली. ती त्यांनी उचलली आणि दिली मात्र नाही. हातात धरून ठेवली.

"सांगा ना," त्या म्हणाल्या. "गुडघा कसाय?"

बुवा सांगायला लागले. काकूचा अंगठा खिशातल्या स्टॉपवॉचवर गेला होता. तो तिने काढून घेतला आणि गुडघ्याची हकीकत शेवटपर्यंत ऐकली.